एक्स्टेन्शनचं व्हर्जन कोण ठरवतं? व्हीएस कोडमधली अपडेट्स आपल्या हातात ठेवायची पद्धत

एका सोमवारी सकाळी मी व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडला, आदल्या शुक्रवारी अर्धवट सोडलेला बग हातात घेतला, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबावा त्या ओळीवरची लाल टिंबाची खूण) लावला आणि डीबग सुरू केलं. लाल टिंब भरीव राहायला हवं होतं. ते राखाडी, पोकळ वर्तुळ झालं आणि प्रोग्रॅम त्या ओळीवर न थांबता शेवटपर्यंत पळाला. शुक्रवारी हेच सगळं चालत होतं. कोडची एक ओळही मी बदलली नव्हती, तरी दोन तास मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. बिल्डचं फोल्डर पुसलं, सोर्स मॅप तपासले, लाँच कॉन्फिगरेशन नव्याने लिहिलं. शेवटी सहकारी म्हणाली, “माझ्याकडे तर थांबतंय. तुझं डीबगरचं व्हर्जन कुठलं आहे?”

तिचं आणि माझं व्हर्जन वेगळं निघालं. शनिवार-रविवारी केव्हातरी एडिटर उघडा राहिला होता आणि डीबगर एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडलेलं चुका शोधायचं हत्यार, आपणहून पुढच्या व्हर्जनला गेलं होतं. मागचं व्हर्जन टाकलं आणि एका मिनिटात टिंब पुन्हा लाल झालं.

त्या दिवसापासून एक्स्टेन्शनकडे मी प्रोजेक्टच्या इतर लायब्ररींसारखंच पाहतो. लायब्ररीचं व्हर्जन आपण लॉक फाइल नावाच्या व्हर्जन्सच्या यादीत नोंदवतो, ते बदललं तर कमिटमध्ये, म्हणजे गिटने जपलेल्या बदलांच्या नोंदीत, दिसतं. पण ज्या हत्याराने तोच कोड फॉरमॅट होतो, तपासला जातो, डीबग होतो, ते हत्यार रात्रीत बदललं तरी कुठेच नोंद होत नाही. ही नोंद कशी ठेवायची, अपडेट कधी घ्यायची, मागे कसं यायचं, हे या लेखात आहे. मेनूंची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

आधी यादी काढा

आपल्याकडे काय काय टाकलेलं आहे हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. टर्मिनल उघडा आणि ‘कोड’ या आज्ञेपुढे दोन पर्याय जोडा: ‘लिस्ट-एक्स्टेन्शन्स’ आणि ‘शो-व्हर्जन्स’. दोन्हींच्या आधी दोन-दोन आडव्या रेघा, शब्दांच्या मध्ये एक-एक. समोर एका ओळीला एक अशी यादी येते. प्रत्येक ओळीत आधी प्रकाशकाचं नाव, मग टिंब, मग एक्स्टेन्शनचं नाव, मग ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि शेवटी व्हर्जन. प्रकाशक-टिंब-नाव ही त्या एक्स्टेन्शनची खरी ओळख. मार्केटप्लेसवर, म्हणजे एक्स्टेन्शन्स मिळतात त्या दुकानात, सारख्या नावाची आणि सारख्या चित्राची दहा एक्स्टेन्शन्स सापडतील, पण ही ओळख एकाचीच असते. कुणाला एक्स्टेन्शन सुचवताना नेहमी तीच द्या.

ही यादी ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह (>) वापरून एका फाइलमध्ये वळवा आणि ती फाइल गिटमध्ये टाका. एवढ्याने अर्धं काम होतं. पुढे काही बिघडलं की नवी यादी काढायची आणि जुनीशी डिफ, म्हणजे ओळीनुसार तुलना, करायची. काय बदललं ते चार ओळींत समोर येतं. त्या सोमवारी माझ्याकडे अशी फाइल असती तर दोन तासांचं काम दोन मिनिटांत झालं असतं.

यादी पाहताना जी नावं ओळखूही येत नाहीत ती काढून टाका. ‘डिसेबल’ करून ठेवू नका, अनइन्स्टॉलच करा. लागलं तर परत टाकायला किती वेळ लागतो? उरलेल्यांपैकी कोण किती भार टाकतंय हे पाहायचं असेल तर कमांड पॅलेटमध्ये (आज्ञा शोधून चालवायच्या पट्टीत) ‘डेव्हलपर: शो रनिंग एक्स्टेन्शन्स’ चालवा. प्रत्येक एक्स्टेन्शन सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते तिथे दिसतं. जे टाकलेलंच नाही, ते अपडेट होऊन मोडणारही नाही.

अपडेटचं धोरण: सगळ्यांना एकच नियम नको

मूळ सेटिंगनुसार व्हीएस कोड एक्स्टेन्शन्सची नवी व्हर्जन्स स्वतः शोधतो आणि स्वतःच टाकतो. यात दोन वेगळी सेटिंग्ज आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ‘एक्स्टेन्शन्स ऑटो चेक अपडेट्स’ हे फक्त नवं काही आलंय का ते पाहतं. ‘एक्स्टेन्शन्स ऑटो अपडेट’ हे ते प्रत्यक्ष टाकतं. अपडेटचा वैताग आला की लोक दोन्ही बंद करतात, आणि मग वर्षभर जुन्या व्हर्जनवर बसून राहतात, कारण नवं आलंय हे कळायचा मार्गच उरत नाही. पहिलं चालू ठेवा, दुसरं बंद करा. नवं आलं की एक्स्टेन्शनच्या चित्रावर आकडा दिसेल, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही बदलणार नाही.

ऑटो अपडेट पूर्ण बंद करण्याआधी एक मधला पर्यायही आहे: फक्त एनेबल असलेली एक्स्टेन्शन्सच अपडेट होऊ द्यायची. याचा मला फारसा उपयोग झालेला नाही, कारण त्रास देतात ती एनेबल असलेलीच.

त्यापेक्षा एक्स्टेन्शननुसार ठरवणं बरं. यादीतल्या एक्स्टेन्शनवर राइट क्लिक केलं की ‘ऑटो अपडेट’ अशी खूण त्या एकट्यासाठी लावता-काढता येते. मी असं वाटून ठेवलंय. रंगाच्या थीम, आयकॉन, स्पेलिंग तपासणारं वगैरे आपोआप होऊ द्यायचं. बिघडलं तरी कोडचं काही जात नाही. भाषेचा सर्व्हर (कोड समजून सूचना देणारा), डीबगर, फॉरमॅटर (कोडची मांडणी करणारा), लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारा) हे हाताने. आणि ज्यांच्याकडे क्लाउडच्या किल्ल्या, डेटाबेसचे पासवर्ड किंवा एआयचा प्रवेश आहे, ती हाताने आणि बदलांची नोंद वाचल्याशिवाय अजिबात नाही.

या शेवटच्या गटाबद्दल मी इतका आग्रही का? व्हीएस कोडमधलं एक्स्टेन्शन बंदिस्त खोलीत चालत नाही. एडिटरला जे जे करता येतं, म्हणजे फाइल वाचणं, लिहिणं, नेटवर्कवर जाणं, दुसरा प्रोग्रॅम चालवणं, ते सगळं एक्स्टेन्शनलाही करता येतं. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉन क्यू या कोडिंगला मदत करणाऱ्या एआय एक्स्टेन्शनच्या १.८४.० व्हर्जनमध्ये बाहेरच्या कुणीतरी घुसवलेली घातक सूचना सापडली आणि कंपनीने ते मागे घेऊन १.८५.० दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘ग्लासवर्म’ नावाचा घातक प्रोग्रॅम ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या, खुल्या मार्केटप्लेसवरच्या एक्स्टेन्शन्समधून पसरला. त्यातला कोड डोळ्यांना न दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांत लपवलेला होता. अशा वेळी ऑटो अपडेट चालू असलेल्या माणसाला काही क्लिकही करावं लागत नाही. दूषित व्हर्जन स्वतःच येऊन बसतं.

म्हणून अपडेट आल्या दिवशी घ्यायची नाही, आठवडाभर थांबायचं, हा माझा नियम. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी: सुरक्षेची भोकं बुजवणारी दुरुस्तीही अपडेटमधूनच येते. बदलांच्या नोंदीत ‘सिक्युरिटी’ हा शब्द दिसला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी घ्यायची.

आकडा वाचायचा कसा

व्हर्जनचे तीन आकडे असतात. सिमँटिक व्हर्जनिंगच्या संकेतानुसार पहिला बदलला तर जुनं काही मोडू शकतं, दुसरा बदलला तर नवं काही आलं, तिसरा बदलला तर दुरुस्ती. संकेत चांगला आहे, पण तो पाळायची सक्ती एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यावर कुणी करत नाही. पायथनचं अधिकृत एक्स्टेन्शन पहिल्या जागी वर्ष लिहितं, उदाहरणार्थ २०२४. तिथे पहिला आकडा बदलला याचा अर्थ फक्त नवं वर्ष लागलं. रस्ट-अ‍ॅनालायझर बराच काळ ०.३ वर आहे आणि दर आठवड्याला फक्त तिसरा आकडा वाढतो. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनबद्दल तर संकेतच सांगतो की कधीही काहीही बदलू शकतं. तेव्हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. एक्स्टेन्शनच्या पानावरचा ‘चेंजलॉग’ हा टॅब उघडा. तो वाचताना मी तीनच गोष्टी शोधतो: कुठलं सेटिंग काढलं किंवा त्याचं नाव बदललं, कुठल्या सेटिंगचं मूळ मूल्य बदललं, आणि आत बांधलेलं एखादं हत्यार पुढे गेलं का. माझ्या डीबगरच्या बाबतीत दुसरीच गोष्ट घडली होती. एका सेटिंगचं मूळ मूल्य बदललं होतं, आणि ते चेंजलॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलंही होतं.

आता प्री-रिलीजबद्दल. मार्केटप्लेसला व्हर्जनच्या शेवटी ‘बीटा’ वगैरे शेपूट चालत नाही, फक्त तीन आकडे चालतात. म्हणून मधला आकडा सम असेल तर स्थिर आणि विषम असेल तर प्री-रिलीज, अशी शिफारस आहे. सगळे ती पाळत नाहीत, तरी १.७ किंवा १.९ असा आकडा दिसला की पानावर ‘प्री-रिलीज’ची खूण आहे का ते बघा. कधीतरी एखादा बग सुटलाय का पाहायला ‘स्विच टू प्री-रिलीज’ दाबलेलं असतं आणि मग माणूस ते विसरतो. परत येण्यासाठी त्याच पानावर ‘स्विच टू रिलीज’ आहे.

मागे कसं यायचं

एक्स्टेन्शनवर राइट क्लिक करा, ‘इन्स्टॉल स्पेसिफिक व्हर्जन’ निवडा. जुन्या सगळ्या व्हर्जन्सची तारखेसह यादी येते. कालपर्यंत चालत होतं ते निवडा आणि मग ‘रीस्टार्ट एक्स्टेन्शन्स’चं बटण दाबा. टर्मिनलमधून करायचं तर ‘इन्स्टॉल-एक्स्टेन्शन’ या पर्यायापुढे पूर्ण ओळख, ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि हवं ते व्हर्जन लिहा.

असं ठरावीक व्हर्जन टाकलं की त्या एक्स्टेन्शनचं ऑटो अपडेट बंद होतं. हे सोयीचं आहे, पण इथेच पुढच्या त्रासाची बी पडते. आज घाईत मागे आलात, सहा महिन्यांनी ते विसरलात, आणि एखादा जुना दोष का सुटत नाही म्हणून डोकं धरून बसलात. म्हणून कुठलंही व्हर्जन गोठवलं की यादीच्या फाइलशेजारी एक ओळ लिहा: कुठलं एक्स्टेन्शन, कुठल्या व्हर्जनवर, का, आणि कुठला बग सुटला की सोडायचं.

मागे येताना एक गोष्ट मागे येत नाही: एक्स्टेन्शनने साठवलेली माहिती. नव्या व्हर्जनने आपली कॅश (तात्पुरती साठवण) किंवा इंडेक्स नव्या पद्धतीने लिहिला असेल तर जुनं व्हर्जन तो वाचताना अडखळू शकतं. मागे येऊनही विचित्र वागत असेल तर त्या एक्स्टेन्शनची कॅश साफ करायची आज्ञा आहे का ते कमांड पॅलेटमध्ये शोधा.

कधी उलटं कोडं पडतं: दोन मशिनवर एकच एक्स्टेन्शन, दोन्हीकडे अपडेट केलेलं, तरी व्हर्जन वेगळं. याचं कारण बहुतेक वेळा एडिटरच असतो. प्रत्येक एक्स्टेन्शन आपल्या पॅकेज फाइलमध्ये ‘इंजिन्स’ या नोंदीत सांगतं की मला व्हीएस कोडचं किमान अमुक व्हर्जन हवं. एडिटर त्याहून जुना असेल तर त्याला चालणारं शेवटचं व्हर्जनच मिळतं, आणि पुढे आणखी आलंय हे ठळकपणे कुठे दिसत नाही. एडिटर अपडेट केला की कोडं सुटतं.

दुसरं कारण रिमोट. एसएसएचने दूरच्या मशिनवर, डब्ल्यूएसएल या विंडोजमधल्या लिनक्सवर किंवा कंटेनरमध्ये काम करताना काही एक्स्टेन्शन्स तुमच्या मशिनवर चालतात आणि काही पलीकडे. पलीकडची वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या व्हर्जनची असू शकतात. एक्स्टेन्शनच्या खिडकीत ‘लोकल’ आणि रिमोट असे दोन भाग दिसतात. यादी काढताना दोन्हीकडची काढा.

दोषी कोण हे कळत नसेल तर

तुलनेला शेजारी सहकारी नसेल आणि यादीही नसेल, तर व्हीएस कोडमध्येच एक सुंदर सोय आहे. कमांड पॅलेटमध्ये ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. आधी तो सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारतो, त्रास अजून आहे का? असेल तर दोष एक्स्टेन्शनचा नाहीच. तो एडिटरचा किंवा तुमच्या कोडचा. गेला असेल तर निम्मी चालू, निम्मी बंद, पुन्हा विचारणा, मग त्यातली निम्मी. चाळीस एक्स्टेन्शन्स असली तरी साधारण सहा फेऱ्यांत एक नाव उरतं. प्रत्येक फेरीत खिडकी पुन्हा लोड होते, तेव्हा न सेव्ह केलेलं काही ठेवू नका.

पण माझ्या त्या सोमवारी बायसेक्टचा काहीच उपयोग झाला नसता, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एखादं एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या कामात लुडबुड करत असेल तर बायसेक्ट त्याला पकडतं. पण डीबगरच बिघडला असेल तर त्याला बंद केल्यावर डीबगिंगच बंद; त्रास गेला की नाही, सांगणार काय? अशा वेळी एक्स्टेन्शन्सची नव्हे, व्हर्जन्सची निम्मी-निम्मी वाटणी करायची:

१. चालणारं एक जुनं व्हर्जन शोधा. अंदाजाने दोन-तीन महिने मागे जा.
२. ते आणि आजचं, यांच्या बरोबर मधलं ‘इन्स्टॉल स्पेसिफिक व्हर्जन’मधून टाका आणि तपासा.
३. चाललं तर पुढच्या अर्ध्यात जा, नाही तर मागच्या अर्ध्यात.
४. शेजारशेजारची दोन व्हर्जन्स मिळाली, एक चालणारं आणि एक मोडणारं, की थांबा.

मग या दोन व्हर्जन्समधला चेंजलॉग वाचा आणि लेखकाच्या इश्यूच्या (तक्रारी नोंदवायच्या) पानावर नेमकं लिहा: अमुक व्हर्जनपर्यंत चालतं, अमुकपासून नाही. “अपडेटनंतर चालत नाही” असं लिहिणाऱ्याला उत्तर मिळायला आठवडे जातात. दोन नेमके आकडे दिले की देखभाल करणाऱ्याला कुठला बदल पाहायचा ते तिथेच कळतं. बहुतेक जण हे काम फावल्या वेळात, फुकट करत असतात. त्यांचा वेळ वाचवणं आपल्या हातात आहे.

टीमसाठी

प्रोजेक्टच्या ‘टिंब-व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ‘एक्स्टेन्शन्स’ नावाची जेसन फाइल ठेवता येते आणि तिच्यात शिफारशी लिहिता येतात. प्रोजेक्ट उघडणाऱ्याला ती एक्स्टेन्शन्स सुचवली जातात. पण त्या फाइलमध्ये व्हर्जन गोठवता येत नाही. ती फाइल म्हणजे “हे वापर” एवढंच, “यातलं हेच वापर” नाही. नको असलेल्यांसाठी त्याच फाइलमध्ये नकोशा शिफारशींची वेगळी यादी असते, तीही भरा. एकाच भाषेचे दोन फॉरमॅटर एकमेकांशी भांडत बसतात ते टळतं.

टीममध्ये सगळ्यात जास्त भांडणं फॉरमॅटरवरून होतात, म्हणून इथे जरा थांबतो. फॉरमॅटर आणि लिंटरची एक्स्टेन्शन्स बहुधा नुसती टरफलं असतात. काम करणारं हत्यार आत वेगळं असतं. प्रिटियर या फॉरमॅटरचं एक्स्टेन्शन आधी तुमच्या प्रोजेक्टमध्ये प्रिटियर टाकलेला आहे का पाहतं, असेल तर तोच वापरतं, नसेल तरच स्वतःबरोबर आणलेला. २०२३ मध्ये प्रिटियर ३.० आला तेव्हा शेवटच्या स्वल्पविरामाचं मूळ सेटिंग बदललं. ज्या प्रोजेक्टमध्ये व्हर्जन पक्कं होतं तिथे कुणाला कळलंही नाही. जिथे नव्हतं तिथे नुसतं सेव्ह केल्यावर फाइलभर स्वल्पविराम बदलू शकत होते. तेव्हा फॉरमॅटरचं एक्स्टेन्शन गोठवण्यात शक्ती घालवू नका. हत्यार प्रोजेक्टच्या लॉक फाइलमध्ये पक्कं करा, नियम कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, आणि तेच हत्यार सीआयमध्येही, म्हणजे टीमचा कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतही, चालवा. मग कुणाकडे कुठलंही एक्स्टेन्शन असलं तरी निकाल एकच येतो.

ज्यांचं असं होत नाही, मुख्यतः डीबगर आणि भाषेचे सर्व्हर, त्यांच्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये ठेवा. एका ओळीला एक इन्स्टॉलची आज्ञा, पूर्ण ओळख आणि व्हर्जनसह. नवा माणूस आला की ती चालवतो आणि तासाभरात सगळ्यांच्या बरोबरीला येतो. जास्त कडक हवं असेल तर व्हीएस कोडच्या १.९६ व्हर्जनपासून ‘एक्स्टेन्शन्स अलाउड’ हे सेटिंग आहे. त्यात परवानगी असलेली एक्स्टेन्शन्स, हवं तर नेमक्या व्हर्जन्ससह, लिहिता येतात. किंवा एखाद्यापुढे ‘स्टेबल’ लिहून प्री-रिलीज रोखता येतं. मोठ्या संस्थेत ते धोरण म्हणून सगळ्या मशिन्सवर लावता येतं. चार-पाच जणांच्या टीमला ते जड होतं, स्क्रिप्ट पुरते.

वेगवेगळ्या प्रोजेक्टना वेगवेगळे संच लागत असतील तर प्रोफाइल वापरा. जानेवारी २०२३ च्या १.७५ पासून ती पक्की सोय आहे. जुना, नाजूक प्रोजेक्ट एका प्रोफाइलमध्ये, रोजचं काम दुसऱ्यात, आणि तिसरं एक रिकामं, नवी व्हर्जन्स आधी तपासायला.

इंटरनेट नसलेल्या मशिनवर नेण्यासाठी व्हीएसआयएक्स फाइल, म्हणजे एक्स्टेन्शनचं बांधलेलं पॅकेज, लागते. एक्स्टेन्शनवर राइट क्लिक करून ती उतरवता येते. काही एक्स्टेन्शन्सची विंडोज, लिनक्स, मॅकसाठी वेगळी पॅकेजेस असतात. जिथे टाकायचंय तिथली निवडा, नाहीतर टाकताना अडतं किंवा टाकलं तरी आतला प्रोग्रॅम चालत नाही. ही फाइल म्हणजे साधी झिप असते. शंका असेल तर उघडा आणि आतल्या पॅकेज फाइलमध्ये नाव, प्रकाशक, व्हर्जन वाचा. व्हीएसआयएक्समधून टाकलेलं एक्स्टेन्शनही आपोआप अपडेट होत नाही, म्हणजे त्याचीही नोंद त्या गोठवलेल्यांच्या यादीत हवी.

माझा स्वतःचा दिवस गुरुवार. शुक्रवारी काही बिघडवायचं नसतं आणि सोमवारी डोकं दुसरीकडे असतं. दुपारी चालू काम कमिट करतो. एक्स्टेन्शनच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि ‘आउटडेटेड’ लिहितो. ज्यांचं नवं व्हर्जन आलंय तेवढीच समोर येतात. आठवड्याच्या आत आलेली सोडून देतो, उरलेल्यांचे चेंजलॉग वाचतो. मग ‘अपडेट ऑल’ न दाबता एकेक घेतो आणि प्रत्येकानंतर तीन गोष्टी करतो: एक फाइल सेव्ह करून डिफ कोरा आहे ना ते बघतो, एका फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारतो, आणि एक ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅम चालवतो. टिंब लाल राहिलं की पुढचं. शेवटी नवी यादी काढून त्याच फाइलवर लिहितो आणि कमिट करतो. वीस मिनिटं लागतात.